रुखवतातला लॅपटॉप

सांगली, ९ ऑगस्ट १९९८

दादा,

‘शिरसाष्टांग’ लिहायला हात वळत नाही, म्हणून नुसताच नमस्कार. सात वर्षांनी पत्र लिहिते आहे, तेही तुझं उत्तर हवं म्हणून नाही. एक गोष्ट तुला माझ्याकडून कळावी, साताऱ्यातल्या कुणी तिखटमीठ लावून सांगू नये, एवढ्यासाठी.

ज्ञानदाला मी लॅपटॉप घेतला.

आता तू चष्मा काढून पत्र बाजूला ठेवशील. ठेव. मग पुन्हा घाल आणि पुढचं वाच. जूनमध्ये पोरीनं तुला विचारलं होतं, की बाबा, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष आहे, प्रोजेक्ट माझा मला करायचाय, कॉम्प्युटर लागेल. तू पोस्टकार्डावर उत्तर पाठवलंस : ‘कॉलेजात संगणक आहेत. फी त्यासाठीच भरतो.’ दोन वाक्यं! बँकेत तीस वर्षं लोकांचे कर्जाचे अर्ज नाकारून तुझा हात असा तयार झालाय, की पोटच्या पोरीलाही त्याच शाईनं नकार देतोस.

कॉलेजात संगणक आहेत, खरं आहे. साठ जणांत अकरा. त्यातले चार बंद. आठवड्यातून दोनदा पाऊण पाऊण तास मिळतो, त्यात वीज जाते, आणि पाचच्या ठोक्याला शिपाई किल्ल्या वाजवत दारात उभा. ज्ञानदा एसटीच्या गाड्यांचं वेळापत्रक कॉम्प्युटरनं लावायचा प्रोजेक्ट करते आहे. कुठली गाडी कुठल्या ड्रायव्हरला द्यायची, कुणाची पाळी कधी संपते, असं काहीबाही. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण ती समजावून सांगायला लागली की तासभर कसा जातो तेही कळत नाही.

आणि लॅपटॉपच का? हॉस्टेलच्या खोलीत तिघी आणि भिंतीला प्लग एक. मोठा कॉम्प्युटर ठेवायला जागा नाही आणि परवानगीही नाही. शनिवार-रविवार ती माझ्याकडे येते. होय, येते. पहिल्या वर्षापासून येते. तुला माहीत नव्हतं, आता झालं.

दुकानं पालथी घातली आम्ही. शी! माणसं किती निर्लज्जपणे न कळणाऱ्या वस्तू विकतात! पोरीनं कागदावर पाच प्रश्न लिहून नेले होते : मेमरी किती, हार्ड डिस्क किती, फ्लॉपी आत घालता येते की बाहेरून जोडायची, बॅटरी किती वेळ, आणि बिघडला तर सांगलीत दुरुस्त कोण करणार. पहिल्या दुकानदारानं एकाचंही उत्तर न देता आम्हाला पडद्यावर पोहणारे मासे दाखवले. दुसरा सगळा वेळ माझ्याशीच बोलत होता, म्हणाला, “ताईंना गेम खेळायला पाहिजे काय?” ज्ञानदानं विचारलं, “तुम्ही यावर कधी काम केलंय का?” तर म्हणे, “आमी फक्त इकतो.” तिसऱ्यानं एक कॅलेंडर आणि प्लॅस्टिकचं कव्हर फुकट देऊ केलं.

शेवटी मी पुण्याहून मागवला. नवा कोरा. खोकं माझ्यासमोर फोडलं. लाखाच्या घरात गेला, पण मी एकटीनं घेतला. तुझा एक पैसा त्यात नाही आणि नको. वहिनीच्या तेराव्याला सगळ्यांदेखत तू मला म्हणाला होतास, “लग्न न झालेलीला पोरी वाढवण्यातलं काय कळतं?” मी ज्ञानदाला माझ्याकडे सांगलीला नेते, एवढंच म्हणाले होते. त्याचं हे उत्तर मिळालं होतं. मला टायपिंग इन्स्टिट्यूट चालवता येते, बाकी काही येत नाही. पण तुझ्या मुलीला काय लागतं ते मला विचारता आलं, आणि घेऊन देता आलं.

लॅपटॉपला जरा हळदीचा वास येतो. पण सांगलीत कशाला येत नाही?

उमा


सांगली, २५ नोव्हेंबर १९९८

दादा,

पत्रिका मिळाली. पाकिटावर ‘कु. उमा’ आणि आत ‘सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून’! सख्ख्या बहिणीला छापील निमंत्रण पाठवताना निदान तेवढं तरी खोडायचं होतंस. परिवारात माझ्या चौदा टाइपरायटर आहेत, त्यांना घेऊन येऊ का?

मुलगा अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये, रजा सहा आठवड्यांची, त्यात मुली बघायच्या, पसंत करायची, लग्न करायचं आणि परत जायचं. बाजारात गुळाची ढेप निवडायलासुद्धा माणसं याहून जास्त वेळ घेतात. ज्ञानदा म्हणते, सौमित्र बरा वाटला, बोलला नीट, शिक्षण पुरं कर म्हणाला. असेल. व्हिसा होईपर्यंत तिनं साताऱ्यात सासरी राहायचं, कॉलेजपुरतं हॉस्टेलवर यायचं, मे महिन्यात परीक्षा द्यायची, असं ठरलंय म्हणे. ते तू लिहून घेतलंयस का? नाही घेतलंस. कर्ज देताना तू माणसाच्या सात पिढ्या काढायचास, आणि इथं पोरगी दिलीस ती नुसत्या बोलाच्या कढीवर.

आई नसलेल्या मुलीच्या लग्नाला घरात बाई लागते. कोण रुखवत मांडणार, कोण विहिणींचं बघणार? तू बोलावलं असतंस तर आठ दिवस आधी आले असते. तू बोलावलं नाहीस, तेव्हा तुझं तू बघ. मी दहा तारखेला सकाळच्या गाडीनं येईन, अक्षता टाकीन, जेवीन आणि निघेन.

उमा


सांगली, १३ डिसेंबर १९९८

दादा,

तीन दिवस कडू घोट तोंडात धरून बसले होते. गिळवत नाही, म्हणून हे पत्र.

मी कार्यालयात पोचले तेव्हा रुखवताच्या टेबलाभोवती बायका जमल्या होत्या. तुझ्या शेजारच्या हरणाबाईंनी उसने दिलेले सुपारीचे भटजी, मण्यांचा पोपट, साखरेचं तुळशीवृंदावन, पाच लाडू, आणि मधोमध, कोऱ्या खणावर, ज्ञानदाचा लॅपटॉप! उघडून ठेवलेला. पडदा काळा, कारण लावणार कोण? त्यावर तुझ्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी : ‘चि. सौ. कां. ज्ञानदा हिस वडिलांकडून संगणक.’

वडिलांकडून.

मी ती चिठ्ठी तीनदा वाचली. दादा, आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तो असा असतो हे मला ठाऊक नव्हतं.

ज्ञानदानं मला नंतर सांगितलं. आदल्या दिवशी टेबल मांडताना तुला ते रिकामं रिकामं दिसलं. आईविना पोरीचं रुखवत लोकांना दरिद्री दिसू नये, म्हणून तू तिला म्हणालास, “तुझा संगणक ठेवू दोन तास. शोभेल. मग घेऊन जा.” पोरगी हो म्हणाली. तुझे डोळे ओले झाले होते, म्हणे. असतील. पण दादा, रुखवतात ठेवलेली वस्तू नवरीबरोबर सासरी जाते, हे जन्मभर पंगतीत बसलेल्या पुरुषाला माहीत असू नये? टेबलावर तू प्रदर्शन मांडत नव्हतास. तू आहेर मांडत होतास!

तिच्या सासूबाई आल्या तेव्हा मी टेबलाजवळच होते. “बाई गं, आमच्या सूनबाईंचं रुखवत म्हणजे एकविसाव्या शतकातलं!” असं म्हणून त्यांनी फोटोवाल्याला बोलावलं. किंमत विचारली. तू मागून येऊन म्हणालास, “लाखाच्या घरात गेला.” माझ्याच पत्रातलं वाक्य, माझ्याच तोंडावर.

पाठवणीच्या वेळी त्यांच्याकडची मुलं रुखवत खोक्यात भरायला लागली. ज्ञानदा शालू सावरत आली आणि लॅपटॉप उचलायला वाकली. सासूबाई हसत हसतच म्हणाल्या, “अगं, रुखवतातली वस्तू माघारी नेतात का? अपशकुन असतो. आपल्याच घरी तर चाललीय.” पोरीनं तुझ्याकडं पाहिलं. तू चष्मा पुसत होतास. दादा, इतका स्वच्छ चष्मा मी आयुष्यात पाहिला नाही.

मीही काही बोलले नाही. तीन हातांवर तोंडात विडा घेऊन उभी होते. का बोलले नाही ते मला विचारू नकोस.

आता काय चाललंय ते ऐक. सौमित्र चोवीस तारखेला परत जाणार. ज्ञानदाला सोमवारी सांगलीला यायचं आहे, पण लॅपटॉप साताऱ्यातच राहणार. सासूबाई म्हणतात, “एवढी महागाची वस्तू एसटीत पडली-बिडली तर? हॉस्टेलवर चोऱ्या होतात. घरी येशील तेव्हा कर.” दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये ठेवलाय म्हणे, क्रोशाच्या रुमालावर. कुलूप लावून. दिवाळीपर्यंतचं काम तिनं फ्लॉपीवर उतरवलं होतं, त्यानंतरचं सगळं त्या लॅपटॉपमध्ये आहे. एप्रिलच्या सुरुवातीला प्रोजेक्ट द्यायचा. नाही दिला तर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं तर व्हिसा आल्यावर ही अर्धवट इंजिनिअर अमेरिकेत जाऊन पोळ्या लाटणार. आपलीच मोरी आणि अंघोळीची चोरी!

तू जा आणि मागून आण. तू मुलीचा बाप आहेस, तुझ्या हातानं गेलाय, तुझ्याच हातानं परत यायला हवा.

उमा


सांगली, २५ जानेवारी १९९९

दादा,

हे पत्र रजिस्टर करते आहे, म्हणजे मिळालं नाही म्हणायची सोय राहणार नाही. एव्हाना तुझ्या विहीणबाईंचा निरोप आलाच असेल. तो खरा आहे. पण सगळा नाही. सगळा मी लिहिते, आणि स्वतःला काहीही माफ न करता लिहिते.

तू मागायला गेला नाहीस. सहा आठवडे वाट पाहिली मी. ‘व्याह्यांकडे वस्तू मागणं प्रशस्त दिसत नाही’ असं तुझं पोस्टकार्ड आलं. ते मी फाडलं, तुकडे केराच्या टोपलीत टाकले, आणि मग टोपलीच बाहेर नेऊन ठेवली. घरात नको वाटली.

ज्ञानदा दर शनिवारी साताऱ्याला जायची. सासूबाई कमरेची किल्ली काढून शोकेस उघडायच्या, पण ते पाहुणे आले की. “दाखव गं जरा.” मग पोरीनं ते चालू करायचं, काहीतरी दाखवायचं, सगळ्यांनी ‘अरे वा’ म्हणायचं, की पुन्हा कुलूप. एकदा पाहुणे गेल्यावर कुलूप लावायचं राहिलं, ती पहाटे उठून कामाला बसली, तर सासूबाई म्हणाल्या, “बाई, बिघडला तर तुझे बाबा काय म्हणतील? एक लाख रुपये!” त्या दुष्ट नाहीत, दादा. तेच तर वाईट आहे. त्या मनापासून जपत होत्या.

आणि जपत होत्या ते माझं खोटं.

आता ऐक. तो लॅपटॉप नवा नव्हता. पुण्याहून आला नव्हता. खोकं नव्हतं, तर फोडणार काय? नव्याच्या किमती ऐकून मला घेरी आली होती. शेवटी इन्स्टिट्यूटमध्ये शिकायला येणाऱ्या एका मुलीनं सांगितलं, की मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत्याकडे एक पडून आहे. आम्ही दोघी गेलो. पोत्यांच्या थप्पीमागं लाकडी टेबल, आणि त्यावर तो, पिवळ्या धुळीनं माखलेला. तिथले दिवाणजी, नानासो, म्हणाले, “घेऊन जावा बाई. लय गुणाचा हाय. मालकाच्या पोरानं दोन वर्सं वापारला, आता त्याला नवा पायजे. ह्यो कुणाला नको झालाय.”

ज्ञानदानं तिचा कागद काढला. पाचही प्रश्न विचारले. नानासोंना एकाचंही उत्तर येत नव्हतं, पण त्यांनी खुर्ची पुढं सरकवली आणि म्हणाले, “पोरी, तूच बस आनि बग. आमाला इचारून काय उपेग?” सांगलीत एवढी दुकानं फिरलो, पण तिला खुर्ची दिली ती एका म्हाताऱ्या दिवाणजीनं. ती दीड तास बसली. मेमरी बेताची, पण तिच्या कामाला पुरेल. फ्लॉपी आतच. बॅटरी अर्धा तास, तिची तक्रार नव्हती. दोन कळा अडकत होत्या. ती माझ्याकडं वळून म्हणाली, “आत्या, हाच. यात मला लागतं ते सगळं आहे आणि नको ते काही नाही.” एवढी शहाणी निवड मी कुणाला करताना पाहिली नव्हती. मी घरी आणून टायपाची अक्षरं साफ करायच्या ब्रशनं आणि टाचणीनं एकेक कळ साफ केली. दोन दिवस माझी बोटं पिवळी होती.

अठ्ठावीस हजारांना पडला. माझे चौदा टाइपरायटर होते, त्यातले सहा विकले. तुझ्या पत्रिकेवर तोंड वर करून मी चौदा लिहिलं, तेव्हा घरात आठच उरले होते.

मग तुला लाख का लिहिले? कारण तू मला लग्न न झालेली म्हणाला होतास. तुझ्या नाकावर टिच्चून लिहायचं होतं, आणि अठ्ठावीस हजारांचा जुना माल टिच्चून लिहिता येत नाही. मुलीनं अक्कल चालवून स्वस्तात चांगली वस्तू निवडली, हे सांगायला मला लाज वाटली. लाख म्हटल्यावर तू रुखवतात मांडलास, आणि लाखाचा म्हणून त्यांनी कुलूप घातलं. पाठवणीच्या वेळी मी विडा चघळत गप्प राहिले, कारण तोंड उघडलं असतं तर ते खोटंही बाहेर पडलं असतं. तुझ्या चष्म्याला नावं ठेवली मी, आणि माझ्या तोंडात विडा होता.

परवा शनिवारी ज्ञानदाचं पहिलं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मला बोलावणं होतं, ते केवळ पोरीनं हट्ट धरला म्हणून. काळी साडी, अंगावर हलव्याचे दागिने, चेहऱ्यावर रंग नाही. चाळीसेक बायका. शोकेस उघडं ठेवलं होतं, आणि तिळगुळाइतकंच दर्शन त्या लॅपटॉपचं चाललं होतं. एका बाईनं त्याच्या झाकणावर हळदीकुंकवाची बोटं ओढली. “यंत्राला लावावं बाई, लक्ष्मी असते.” हळद फटीतून आत सांडली. मी खंडेनवमीला माझ्या टाइपरायटरना लावते, मला देवाधर्माचं वावडं नाही. पण आत पोरीचं चार महिन्यांचं काम होतं, आणि बाहेरून त्याची पूजा चालली होती.

सासूबाई सांगत होत्या, “व्याह्यांनी दिलाय. लाखाचा आहे हो. हात नका लावू.”

तेवढ्यात त्यांच्या घरी कामाला असलेल्या शालूबाई तिळगुळाचं ताट घेऊन आल्या आणि सहज बोलून गेल्या, “आवं, आज हळद सांडली म्हून न्हाई, त्याला कवापासनं हळदीचा वास येतोय. म्या रोज फडकं मारते न्हवं.”

“शालूबाई, तुम्ही तिळगूळ वाटा,” सासूबाई म्हणाल्या.

मी उठले. म्हटलं, “शालूबाई खरं सांगतायत. तो हळदीच्या अडत्याकडून घेतलाय. जुना आहे. दोन वर्षं वापरलेला, अठ्ठावीस हजारांचा. मी घेतलाय, ज्ञानदाच्या वडिलांनी नाही. मी त्यांना खोटं सांगितलं, त्यांनी तुम्हाला सांगितलं. त्यात पोरीचा काही दोष नाही. तिला तो अभ्यासाला हवाय.”

मग सासूबाई म्हणाल्या, अगदी हळू, “जुना? आमच्या लग्नात तुम्ही जुनी वस्तू मांडलीत? रुखवतात?” आणि मग मोठ्यानं, “जुनी लुगडी द्यायला बोहारणीचं घर वाटलं काय हे!”

कुलूपकिल्ली दोन्ही त्यांनी टीपॉयवर आपटली. “उचला. आत्ताच्या आत्ता. आणि सुनेलाही न्या. भावाला म्हणावं, याच बायकांसमोर येऊन माफी मागा, तोवर तिनं हा उंबरा चढायचा नाही.”

अर्ध्या तासापूर्वी ज्याला कुणी हात लावायचा नव्हता, त्याला आता कुणालाच हात लावावासा वाटत नव्हता. बायका पदर सावरून बाजूला सरल्या, जणू विटाळ झाला. शी, शी! वस्तू तीच. आतलं काम तेच. फक्त आकडा बदलला.

ज्ञानदानं हलव्याचे दागिने एकेक करून उतरवले आणि ताटात ठेवले. लॅपटॉप घेतला, वायर गुंडाळली, झाकणावरची हळद काळ्या पदरानं पुसली. सासूबाईंना वाकून नमस्कार केला. माझ्या पुढं चालत स्टँडवर गेली.

कराडपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, रडेल, मी जवळ घेईन. कराड स्टँडवर गाडी थांबली तेव्हा तिनं मान वळवली आणि विचारलं, “आत्या, तू आज हे माझ्यासाठी बोललीस, की त्या चिठ्ठीवर बाबांचं नाव होतं म्हणून?”

दादा, बोलताना ‘मी घेतलाय, वडिलांनी नाही’ हे वाक्य माझ्या तोंडून किती चवीनं निघालं होतं, ते मला तेव्हा आठवलं. ते सांगायची गरजच नव्हती. जुना आहे एवढं पुरलं असतं, निदान तुझं नाव तरी राहिलं असतं. गेले सहा महिने मी तुझी किळस करते आहे. परवा कराडला मला माझी आली, आणि ती अजून जात नाही.

उमा


सांगली, ३० मार्च १९९९

दादा,

तुझी दोन पत्रं आली. पहिल्यात ‘तू माझी अब्रू घालवलीस’. खरं आहे. दुसऱ्यात ‘पोरीला घेऊन ये, आपण दोघं जाऊन माफी मागू, ताणू नये’. त्या दुसऱ्या पत्रातलं ‘आपण दोघं’ मी पुन्हा वाचलं. सात वर्षांत तू हा शब्द वापरला नव्हतास. मी माफी मागायला तयार आहे. चाळीस काय, चारशे बायकांसमोर मागेन. तसं मी ज्ञानदाला म्हटलंही. ती म्हणाली, “कशाची मागणार? जुना घेतल्याची? मी निवडलाय तो. त्याची माफी कुणी मागायची नाही.”

सौमित्रचा फोन आला होता, शेजारी, रविवारी पहाटे. मी पायरीवर उभी होते, ऐकू येत होतं. त्यानं काय म्हटलं ते तिनं नंतर सांगितलं : “एवढ्याशा लॅपटॉपवरून काय हे? मी तुला इकडून नवीन आणीन, हवे तर दोन आणीन.” ती त्याला म्हणाली, “दोन नकोत. दीड महिना एक कुलपात होता, तेव्हा तुम्ही आईंना एक फोन का केला नाहीत?” मग त्यानं विचारलं, प्रोजेक्ट कुठवर आलाय. तेव्हापासून दर रविवारी फोन येतो, आणि दोघं प्रोजेक्टचंच बोलतात. पुढं काय होईल मला माहीत नाही, तिलाही नाही. मी अंदाज करायचं सोडून दिलंय. माझे अंदाज फार महाग पडतात.

सात तारखेला, बुधवारी, तिचं सबमिशन आहे. हॉस्टेल सोडून ती माझ्याकडेच आली आहे. आठ टाइपरायटरच्या खडखडाटात कोपऱ्यात बसून करते. माझ्याशी कामापुरतं बोलते. चहा दिला तर पिते. तिच्या जागी मी असते तर तेवढाही घेतला नसता.

पत्र तिला वाचायला दिलं. खाली जागा राहिली होती, ती तिनं मागितली.

उमा


बाबा,

आत्याचं पत्र वाचलं. तुमचीही दोन्ही वाचली. तुम्ही दोघांनी एकमेकांना काय लिहायचं ते लिहा, फक्त त्यात मला मध्ये धरू नका.

सात तारखेपर्यंत कुणी येऊ नका. तुम्हीही नको.

अकराला रविवार आहे. मी साताऱ्याला येणार आहे. माझ्या मार्कशीटा, पुस्तकं आणि आईची शाल सासरी राहिली आहे, ती आणायला. माफी मागायला नाही, भांडायलाही नाही. आईंना मी तसं पत्र टाकलं आहे. आत्या बरोबर येते म्हणाली, तिला मी नको म्हटलं.

गाडी साडेदहाला साताऱ्यात पोचते. तुम्हाला यायचं असेल तर स्टँडवर थांबा. सामान दोघांत उचलू. नाही आलात तर मी रिक्षा करीन.

ज्ञानदा